विंडोज बदलली म्हणून वाय-फाय उघडे ठेवू नका

संपादक महोदय,

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सांगलीतही मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपासून गणपती पेठेपर्यंत विंडोज ११ टाकून घेण्याची धांदल सुरू झाली. त्यानंतर पासवर्ड बरोबर असूनही वाय-फाय जोडले जात नाही, ही तक्रार सतत कानावर येते. त्यावर राउटरचा पासवर्डच काढून टाकायचा, हा उपाय सर्रास सुचवला जातो. ज्या संगणकावर शेतमालाच्या हिशेबाच्या पट्ट्या, जीएसटी आणि बँकेचे व्यवहार चालतात, तिथे असे करणे म्हणजे गल्ला उघडा टाकून जेवायला जाणे.

आधी संगणकात जपून ठेवलेली जुनी नोंद पुसा: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मॅनेज नोन नेटवर्क्स, फरगेट. मग पासवर्ड नव्याने टाका. टाकताना डोळ्याचे चिन्ह दाबून अक्षरे पाहा. कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो आणि ठिपक्यांमागे ते कळत नाही. विंडोज आणि स्पेस ही बटणे एकत्र दाबली की भाषा बदलते.

तरीही जमले नाही, तर दोष बहुधा राउटरच्या सेटिंगमध्ये असतो. जुन्या राउटरवर अजून डब्ल्यूईपी ही वाय-फायची जुनी सुरक्षा पद्धत सापडते. तिची की, म्हणजे पासवर्ड, नेमकी ५ किंवा १३ अक्षरांची, नाहीतर ० ते ९ आणि ए ते एफ यांतल्या १० किंवा २६ चिन्हांची लागते. राउटरने एखाद्या शब्दावरून की तयार केली असेल, तर विंडोजमध्ये तो शब्द चालत नाही, तयार झालेली की लागते. पण ती शोधत बसण्यात अर्थ नाही. डब्ल्यूईपी कशी फोडायची हे २००१ मध्येच जगजाहीर झाले आहे आणि मायक्रोसॉफ्टने ती, तसेच टीकेआयपी ही माहिती सांकेतिक करण्याची जुनी पद्धत, मोडीत काढायच्या यादीत टाकली आहे.

ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर वायरलेस सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूपीए२ पर्सनल ही सुरक्षा पद्धत आणि एईएस हे एन्क्रिप्शन निवडा. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो. १५ च्या वर ठेवा. टीकेआयपी ठेवल्यास वेग ५४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही, हे फार कमी जणांना माहीत असते. निव्वळ डब्ल्यूपीए३ ही त्यापुढची पद्धत लावल्यास जुने लॅपटॉप जोडले जात नाहीत, तिथे डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र पर्याय घ्यावा.

वाय-फायचे हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरच बिघडला असेल तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाईलचे इंटरनेट केबलने संगणकाला देणे) सुरू करा आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ चा ड्रायव्हर उतरवून घ्या. डब्ल्यूईपीशिवाय न चालणारा जुना प्रिंटर राउटरला केबलने जोडावा.

– एक संगणक तंत्रज्ञ, सांगली