फादर, हे पत्र कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवील

आदरणीय फादर,

प्रभूत सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला दुसरंच कुणीतरी वाचून दाखवणार, हे धरूनच लिहितोय. म्हणून आधी वाचणाऱ्याला सांगतो: घाई करू नका. स्वल्पविराम आला की थांबा. फादरांना वाक्याचा शेवट गिळलेला चालत नाही. मला हे कळायला महिना लागला होता.

माझ्या गुरुदीक्षेला, म्हणजे मी धर्मगुरू झालो त्याला, आज चाळीस दिवस झाले. त्या दिवशी तुमच्याशी धड बोलता आलं नाही. जो तो हात हातात घेत होता, आणि तुम्हाला लवकर परत न्यायचं होतं. राहिलेलं बोलणं असं उघड पत्रात लिहितोय, त्याला एक कारण आहे. सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारं विद्यालय, मध्येच सोडून आलेली मुलं आजही मान खाली घालून वावरतात, आणि त्यांचे आईबापही. मी त्यांच्यातलाच एक होतो. त्यांच्यापैकी कुणाच्या नजरेस हे पडलं तर मला बरं वाटेल.

मी बारा वर्षांचा असल्यापासून लोक मला ‘छोटे फादर’ म्हणायचे. वेदीवर सेवा करायचो, उत्तरं तोंडपाठ होती, बस्स, एवढ्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मलाही ते आवडायचं. सेमिनरीत पूर्वतयारीचं वर्ष गेलं, तत्त्वज्ञानाची दोन वर्षं गेली, आणि एका रात्री चॅपेलमध्ये बसलो असताना लक्षात आलं की हे पाचारण, देवाची ही हाक, माझ्या कानांनी मी कधी ऐकलंच नाहीये. मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो होतो. त्यानंतर प्रार्थना म्हणजे नुसते ओठ हलवणं झालं. तीन महिने तसे काढले आणि बॅग भरली.

घरी कुणी रागावलं नाही. रागावले असते तर सोपं गेलं असतं. सगळे हळू आवाजात बोलायचे, घरात कुणी आजारी असावं तसं. त्यातून सुटायला म्हणून मी तुमच्याकडे आलो. निवृत्त फादरांना संध्याकाळी वाचून दाखवायला कुणीतरी हवंय, एवढंच मला सांगितलं होतं.

तुमचे डोळे तेव्हाच मधून गेले होते. मधलं दिसायचं नाही, कडेचं थोडं दिसायचं. त्यामुळे समोरच्याकडे बघायचं असलं की तुम्ही तोंड बाजूला वळवायचात. पहिल्या दिवशी मला वाटलं, तुम्हाला माझ्याकडे बघायचं नाही. सेमिनरी सोडून आलेल्याला असंच वाटतं. दोन दिवसांनी समजलं की तुम्ही मला बघण्यासाठीच मान वळवत होतात.

रात्रीची प्रार्थना वाचायची, हे माझं काम. तुम्हाला ती पाठ होती. पन्नासेक वर्षं रोज म्हटलेली प्रार्थना पाठ नसणार तर काय! तरीही माझ्याकडून वाचून घ्यायचात. पहिला शुक्रवार मला लख्ख आठवतो. शुक्रवारच्या रात्रीला बायबलमधलं ८८वं स्तोत्र असतं. इतर स्तोत्रांत माणूस कितीही रडला-ओरडला तरी शेवटाला कुठेतरी आशेची एखादी ओळ येते. ८८व्यात ती येत नाही. ते अंधारातच संपतं. मी अर्ध्यावर अडकलो. गळा दाटला होता, पुस्तक मिटलं आणि म्हटलं, “फादर, आज हे नको.”

तुम्ही म्हणालात, “वाच. हेही प्रार्थनेच्याच पुस्तकात आहे.”

एवढंच. समजूत घातली नाहीत, की देव कुणाला सोडत नाही वगैरे ऐकवलं नाहीत. मी पुन्हा पुस्तक उघडलं. ओठ हलवायचे आणि आत काहीच नाही, याची मला तीन महिने लाज वाटत होती. ज्याच्या आत काहीच उरलेलं नाही त्याच्यासाठीही ख्रिस्तसभेने आठवड्यातली एक रात्र राखून ठेवली आहे, हे त्या शुक्रवारी मला पहिल्यांदा कळलं. आणि त्याच प्रार्थनेत पुढे शिमोनाचं गीत येतं, बाळ येशूला हातात घेऊन त्याने म्हटलेलं: माझ्या डोळ्यांनी तुझं तारण पाहिलं आहे. ते तुम्ही मला कधी वाचू दिलं नाहीत. ते स्वतः म्हणायचात, डोळे मिटून. ती ओळ तुमच्या तोंडून ऐकताना मी कुठे बघावं, हे मला समजायचं नाही.

आता त्या रात्रीबद्दल. ती तुम्हाला आठवत असेलच, पण माझ्या बाजूने ती काय होती हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

धर्मग्रामाचे फादर बाहेरगावी होते. दहाच्या सुमारास एक माणूस आला, बायको शेवटचे श्वास घेत होती. तुम्ही उठलात, आजाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची डबी आणि पुस्तक माझ्या हातात दिलंत आणि माझा कोपर धरलात. त्या खोलीत दिवा अगदीच मंद होता. मी घाबरलो, म्हटलं आता फादरांना दिसणार कसं? तुम्ही खाटेच्या कडेवरून हात सरकवत नेलात, उशी चाचपलीत, मग त्या बाईंच्या कपाळावर तळहात ठेवलात आणि तसाच राहू दिलात. कितीतरी वेळ. त्यांचा श्वास जरा खाली बसला. मग अंगठा तेलात बुडवायला तुम्ही उजवा हात माझ्याकडे केलात, आणि डबी सापडेना. हात हवेत फिरत राहिला, कारण मी डबी पुढे करायचं विसरलो होतो. मी त्या हाताकडे बघत होतो.

तेल माझ्या हातात होतं. बाई माझ्यापासून वीतभर अंतरावर होत्या. प्रार्थना मला पाठ होत्या. आणि तरी ते तेल त्यांच्या कपाळाला लावणं मला शक्य नव्हतं, कारण तो संस्कार याजकच, म्हणजे दीक्षा झालेला फादरच, देऊ शकतो. तुमचा हात आणखी दोन-चार वर्षांनी डबीपर्यंत पोचणार नाही, मग अशा खोलीत कोण येणार? हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्या खोलीत मला छोटे फादर म्हणणारं कुणी नव्हतं. मी कोण, हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. मी डबी पुढे धरली. तुम्ही आधी कपाळाला तेल लावलंत, मग एकेका हाताला. फादर, पाचारण मी तिथे ऐकलं. आवाज वगैरे काही नाही. हातातल्या डबीचं वजन जाणवलं, एवढंच.

सकाळी मी तुम्हाला सांगायला आलो की मी परत जातोय. मला वाटलं तुम्ही पाठ थोपटाल. तुम्ही म्हणालात, “तीन महिने थांब.”

राग आला होता मला, आज कबूल करतो. तेव्हा तुम्ही येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांचा सल्ला सांगितलात. मन उजाड असताना आधीचा निर्णय बदलू नये, हे सगळेच सांगतात. पण मन भरून आलेलं असताना घाईने वचन देऊ नये, हेही त्यांनीच बजावलंय. “तू अंधारात बाहेर पडलास,” तुम्ही म्हणालात, “आता उजेडाने दिपून आत शिरू नकोस.” मग ते तीन महिने मी रोज संध्याकाळी वाचत राहिलो. मधले पंधरा दिवस तर पुन्हा सगळं कोरडं झालं. पण त्या कोरडेपणातही डबी आठवायची. तुम्हाला तेच बघायचं होतं, हे मला खूप उशिरा उमगलं.

परत जायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही माझ्याकडून धर्मसंहितेतलं, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यातलं, एक कलम वाचून घेतलंत. १९८३ची संहिता, कलम १०२६. दीक्षा घेणारा पूर्ण स्वतंत्र असला पाहिजे. कुठल्याही कारणाने, कुठल्याही प्रकारे कुणावर दीक्षेसाठी जबरदस्ती करायला सक्त मनाई. आणि जो योग्य आहे त्याला दीक्षेपासून परावृत्त करायलाही तशीच मनाई. दोन्ही गोष्टी एकाच कलमात. पूर्वी असं नसायचं, तुम्ही म्हणालात. ३९१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या लोकांनी ऑगस्टीनला, पुढे संत झालेल्या, धरून बिशपांपुढे उभं केलं आणि तो रडत असतानाच त्याची दीक्षा झाली. मग म्हणालात, “वर्षभर मी हे कलम पाळलं. ना ढकललं, ना अडवलं. आता तू जा.” अकरा महिने तुम्ही मला ‘परत कधी जाणार’ असं एकदाही का विचारलं नाहीत, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

सेमिनरीत ईश्वरविद्येची चार वर्षं कशी गेली ते लिहीत बसत नाही. अभ्यास जड गेला, निभावला. पण एक गोष्ट सांगायची राहिलीय. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला तिसरा अध्याय शिकताना मी दचकलो होतो. लहान शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते. त्याला वाटतं एली याजकानेच हाक मारली, म्हणून तो तीनदा धावत जातो. एलीच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मी ते लहानपणापासून कितीदा ऐकलं होतं, पण डोळ्यांचं ते वाक्य कधी कानात शिरलंच नव्हतं. एलीला स्वतःला हाक ऐकू आली नव्हती. तरी ती कुणाची हे त्याने ओळखलं, आणि पोराला म्हणाला, जाऊन पड. पुन्हा हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे. गोष्ट सांगताना आपण सगळे इथेच थांबतो. पण मला त्याच्या पुढचं जास्त भिडतं. शमुवेलाला जो निरोप मिळाला तो एलीच्याच घराण्याविरुद्धचा होता. आणि सकाळी एली त्याला म्हणतो, काही लपवू नकोस, सगळं सांग. स्वतःच्या हातून गोष्ट निसटत चाललीय हे कळत असतानाही ज्याने पोराला ऐकायला शिकवलं, त्याला मी तुमच्या खोलीत पाहिलं होतं.

दीक्षेआधी एक पत्र स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं. मी हे स्वेच्छेने, मोकळ्या मनाने स्वीकारतोय आणि कायमचा या सेवेला वाहून घेतोय, असं. टाईप केलेलं चालत नाही. पाच दिवसांच्या मौन साधनेच्या आधी मी ते लिहायला बसलो. ‘स्वेच्छेने’ हा शब्द लिहिला आणि पेन थांबलं. पहिल्या खेपेला, बॅग भरण्याआधी, हे पत्र लिहायची वेळ आली असती तर? तर मी खोटं लिहिलं असतं, सुंदर अक्षरात. तुम्ही मला त्यातून वाचवलंत. माझं पाचारण तुम्ही मला दिलं असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही ते आवडायचं नाही. पण त्या कागदावर तो शब्द मी खरा लिहू शकलो, हे ऋण तुमचं आहे.

आणि तो दिवस. नाव पुकारल्यावर मी उभा राहिलो, ‘हा मी हजर आहे’ म्हटलं. बिशपांनी विचारलं, हा योग्य आहे असं तुम्हाला ठाऊक आहे का? त्याचं उत्तर आपण द्यायचं नसतं. दुसरा कुणी देतो, लोकांमध्ये चौकशी करून. मी फरशीवर पालथा पडलो होतो आणि वरून संतांची एकेक नावं जात होती. मग गुडघ्यांवर बसलो आणि बिशपांनी डोक्यावर हात ठेवले. दीक्षेचा गाभा ते हात ठेवणं आणि पुढची प्रार्थना हाच आहे, असं पोप बारावे पायस यांनी १९४७ मध्ये नि:संदिग्धपणे सांगितलं. हात ठेवताना कुणी चकार शब्द बोलत नाही. बिशपांनंतर हजर असलेले सगळे याजक एकेक करून येतात आणि हात ठेवतात, आपल्यात घेतल्याची खूण म्हणून.

मी डोळे मिटले होते. किती हात झाले ते मोजलं नाही. मग एक हात आला तो थेट डोक्यावर पडला नाही. आधी खांद्याला लागला, मग कानाला, मग चाचपत वर आला. आणि सापडल्यावर तळहात तसाच राहिला, त्या रात्री त्या कपाळावर राहिला होता तसा. मागच्यांना थांबावं लागलं. कुणी काही म्हटलं नाही.

या चाळीस दिवसांत मी दोनदा रुग्णाभ्यंग, तोच तेलाचा संस्कार, दिला. दोन्ही वेळा आधी तळहात ठेवला आणि थांबलो. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

येत्या शुक्रवारी मला सुट्टी आहे. संध्याकाळपर्यंत पोचतो. हल्ली जे कुणी तुम्हाला वाचून दाखवतात, त्यांना सांगा की त्या दिवशी ८८वं मी वाचणार. शिमोनाचं तुम्ही म्हणा.

तुमचा,
संध्याकाळी वाचायला येणारा मुलगा