बदलीचा अर्ज आणि मंडईची रात्र

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई रडते आणि बाबा फोन दादाच्या हातात देतात, म्हणून लिहिते आहे. गडचिरोलीतून तिकडे येण्यासाठी आंतरजिल्हा बदलीचा अर्ज यंदा मी भरला नाही. मुदत संपली आहे. बाबा, आता कोणाला साहेबांकडे पाठवू नका, त्याने काही होणार नाही.

रागावू नका, आधी पुरतं वाचा. अमरावती जिल्हा मिळाला असता तरी दर्यापूरच मिळेल याची काय खात्री? धारणीकडची शाळा आली असती तर तिथूनही घर लांबच. शिवाय अशी विनंती बदली घेतली की सेवाज्येष्ठता जाते, नव्या जिल्ह्यात नाव सगळ्यात खाली लागतं. घराचा हप्ता आहेच. दादाची बदली झाली तेव्हा काय काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे, ते पुन्हा उकरत नाही.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात आमच्या गावची मंडई झाली. आपल्याकडे हा प्रकार नाही. भाऊबीजेपासून इकडे एकेका गावाची मंडई सुरू होते. घरोघरी लेकी-जावई, पाहुणे येतात, दिवसभर दुकानं असतात, आणि रात्री नाटक नाहीतर खडी गंमत, म्हणजे इकडचा तमाशा. माझ्या घरमालकीणबाईंकडे तिन्ही लेकी आल्या होत्या. त्या मला चल म्हणाल्या, पण बैलगाडीत आधीच दाटी होती. मी म्हटलं, येते मागून. आणि एकटीच गेले. आई, शाळेच्या मागच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात होतं, पाच मिनिटांची वाट, विजेरी होती, बाया-पोरांची रीघ लागली होती. काळजी करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बायकांच्या बाजूला पोतं अंथरून बसले. धान नुकतंच कापलेलं, पोत्यातून बुडखे टोचत होते. आमच्याकडच्या गमतीत बायांची कामं पुरुषच करतात. गवळण झालेल्या माणसाने जांभळं लुगडं नेसलं होतं, पदर इतका नीट घेतला होता की मी बघतच राहिले, आणि मनगटावर मात्र जाड पट्ट्याचं पुरुषी घड्याळ. गण झाला, गवळण झाली, मग ढोलकी थांबली आणि शाहिराने बोलायला सुरुवात केली. तलावाच्या मासळीचा लिलाव, कोणाची तरी मोडलेली सोयरीक, ग्रामपंचायतीचा नळ. अख्खं आवार हसत होतं. बाया एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या, मागे वळून कोणाकडे तरी बोट दाखवत होत्या. मला काहीच लागत नव्हतं. बोली आता कानाला सवयीची झाली आहे, शब्द कळत होते. पण कोणाची सोयरीक, कोणाचा तलाव, ते माहीत नाही. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली, "बसा मॅडम" म्हणाली, आणि पाठ करून आपल्या बहिणीशी बोलायला लागली. प्रत्येक बाई माहेरी आलेली नाहीतर सासरची. मी कोणाचीच नाही. त्या गर्दीत मला तुमची इतकी आठवण आली, आई, की उठून जावंसं वाटलं.

बाबा, आपल्या गावात भारूड असलं की तुम्ही मला मांडीवर घ्यायचे आणि सोंग आलं की कानात सांगायचे, हे कोणावर आहे ते. मग मी सगळ्यांच्या आधी हसायची. झोप आली की तुमच्या धोतराच्या सोग्यात तोंड खुपसायची. तंबाखूचा तो वास मला अजून आवडतो. (म्हणून खायला परवानगी नाही. खाली लिहिलं आहे.)

उठणार तेवढ्यात माझ्या चौथीतली एक पोरगी येऊन टेकून बसली. वर्गात ती बोलत नाही. पुस्तक उघडलं की मान खाली. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, थो आमच्या मोठ्या बाबालेच म्हणते जी." मोठा बाबा म्हणजे तिचा मोठा काका. आणि मग तिने मला तलाव कोणाकडे होता, मासळी कोणी नेली, नळ कोणाच्या दारात गेला, सगळं सांगितलं. गंमत संपेपर्यंत ती बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात धडा घेतला नाही. मुलांना शाहिराची नक्कल करायला लावली आणि ती बोलतील तसंच, त्यांच्याच बोलीत फळ्यावर लिहीत गेले. तिने आपल्या मोठ्या बाबावरची ओळ बोट ठेवून वाचली. न अडखळता. आता रोज अर्धा तास हेच चाललं आहे. अशी सहा-सात मुलं आहेत माझ्याकडे. त्यांना मध्येच सोडून येणं मला जमणार नाही. परकेपणा गेला असं नाही म्हणत, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. पण तो आहे म्हणून निघून यावं, असंही वाटत नाही.

माझी इथे आबाळ नाही. गॅस आहे, मच्छरदाणी लावल्याशिवाय झोपत नाही, विहिरीचं पाणी गोड आहे, आपल्या खारपाणासारखं नाही. भाताची सवय झाली, घरमालकीणबाई जवसाची चटणी देतात. भाकरीची तेवढी उणीव आहे.

आता तुमचं. आई, कपाशी वेचायला तू जायचं नाही. मजूर मिळत नाहीत हे मला माहीत आहे, दोन दिवस उशिरा वेचली तरी चालेल, गुडघे परत मिळणार नाहीत. बाबांनी पिण्याचं पाणी फिल्टरचंच घ्यायचं, हातपंपाचं बंद, मागच्या रिपोर्टनंतर तरी. तंबाखू बंद. साखरेची गोळी जेवणाआधी, आणि डबी आईने मोजायची. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही बाबा, पण मला झोप लागत नाही.

आणि शंकरपटाला या. कोर्टाने बैलांच्या शर्यतींना परवानगी दिल्यापासून इकडे पट पुन्हा जोरात भरतात, बाबांना बैल बघायला मिळतील, रात्री नाटक. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ते याच झाडीपट्टी रंगभूमीवरचे, आपल्या गडचिरोली जिल्ह्यातले. (बघा, मी आपल्या लिहून गेले.) नाटकं पहाटेपर्यंत चालतात, आईसाठी खुर्चीचं तिकीट काढीन. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी अशी गडचिरोलीची एसटी धरा, वैनगंगेचा पूल गेला की आरमोरी. तिथे मी उभी असेन. दादाला गाडी काढायला सांगू नका, त्याच्याकडे आधीच खूप आहे.

येताना ज्वारीचं पीठ आणा. पिशवी जड करू नका, पाच किलो पुरे.

तुमची,
छोटी