मामा, तुमच्यामुळे बोट चालू झाली

मामा, नमस्कार.

त्या दिवशी फोनवर थँक्यू म्हणायला लागले तर तुम्ही 'बरं बरं, आधी जेवा जावा दोघं' म्हणून फोन मामींकडे दिलात, त्यामुळे जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, मामी तुम्हाला वाचून दाखवतीलच. आणि उघड लिहायचं दुसरं कारण म्हणजे इकडे आपली बरीच मराठी माणसं आहेत, त्यातल्या कुणी कधी अशी बोट घेतली आणि भर कालव्यात इंजिन बंद पडलं तर तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही उपयोगी पडावं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही दोघांनी मार्चमध्ये इंग्लंडमध्ये नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी अरुंद बोट घेतली, सेकंडहँड, ५७ फूट लांब आणि रुंदी फक्त ६ फूट १० इंच, कारण इकडच्या बऱ्याच जुन्या लॉकची, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करायच्या दारांच्या हौदाची, रुंदीच जेमतेम ७ फूट, त्यातनं जायला पाहिजे म्हणून या बोटी अशा पट्टीसारख्या लांबुळक्या. कालव्यात ताशी ४ मैलांच्या वर जायचं नाही, म्हणजे आपण चालतो तेवढाच स्पीड. ज्यांना बोट बांधायला कायमची जागा नाही त्यांना १४ दिवसांच्या आत पुढं हलावंच लागतं, त्यामुळे इंजिन चालू असणं हा हौसेचा प्रश्न नाही, आणि दिवे-पंप ज्या बॅटऱ्यांवर चालतात त्याही इंजिनावरच चार्ज होतात.

तर एप्रिलमध्ये आम्ही ग्रँड युनियन कालव्यावर नॉर्थम्प्टनजवळ ब्लिसवर्थच्या बोगद्याकडे निघालो होतो. बोगदा यायला अजून थोडं अंतर होतं आणि इंजिनाचा आवाज वरखाली व्हायला लागला, एकदा चढायचा एकदा पडायचा, थ्रॉटलला मी हात लावलेला नसताना. मग एकदम बंद. सोळा-सतरा टनाचं लोखंड तसंच हळूहळू वाहत जाऊन काठाच्या झुडपात घुसलं. नवऱ्याने दोर घेऊन काठावर उडी मारली म्हणून निदान बांधता तरी आली. स्टार्टर मारला की इंजिन फिरायचं पण पेटायचं नाही. ब्रेकडाऊन सर्व्हिसची मेंबरशिप अजून घेतली नव्हती, आणि ज्या मेकॅनिकचा नंबर मिळाला तो म्हणाला तीन दिवसांनी येतो.

दुपारचे चार वाजले होते, म्हणजे तुमच्याकडे साडेआठ. तुम्ही ताटावर बसला होता ते मला नंतर मामींकडून कळलं. व्हिडिओ कॉल लावला तर तुम्ही बोट कसली, किती पैशाची, कशाला घेतली, काही म्हणजे काही विचारलं नाही. म्हणालात, 'बंद पडायच्या आधी दम लागल्यागत करत होतं का एकदम गपकन गेलं?' मी म्हटलं दम लागल्यासारखं. 'मग डिझेल पोचंना झालंय. इंजान चांगलं हाय, घाबरू नको.' मामा, त्या एका वाक्याने माझे हात थरथरायचे थांबले, खरं सांगते.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. टाकीपासनं निघ, नोझलपर्यंत जा, डिझेल कुठवर आलंय ते बघत बघत जा, मधलं काही सोडू नको. टाकी, तिच्यापुढं पाणी वेगळं करणारा फिल्टर, मग टाकीतनं डिझेल ओढणारा लिफ्ट पंप, मग बारीक फिल्टर, मग डिझेलला जोराचा दाब देणारा इंजेक्शन पंप, मग इंजिनात डिझेल फवारणारे नोझल. मी मागची फळी उचलून इंजिनाशेजारी उकिडवी बसले, नवऱ्याने फोन धरला. पहिल्याच फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडला तर डबड्यात आधी पाणी आलं, नंतर काळे शेवाळासारखे लिबलिबीत तुकडे. इकडे त्याला डिझेल बग म्हणतात, हिवाळाभर टाकी अर्धी रिकामी राहिली की आत दमटपणाने पाणी सुटतं, ते तळाला बसतं, आणि पाणी आणि डिझेल जिथं एकमेकांना लागतं तिथं हे जंतू वाढतात. बोट हलली की सगळा गाळ उठून फिल्टरात. तुम्हाला कॅमेऱ्यात दाखवलं तर तुम्ही लगेच म्हणालात, 'पावसाळाभर बंद राहिलेल्या इंजनात असंच निघतंय.' आधीच्या मालकाने दोन नवे फिल्टर खणात ठेवले होते, त्याचेही आभार.

फिल्टर बदलला, आता उघडताना नळीत शिरलेली हवा काढायची. तुम्ही म्हणालात लिफ्ट पंपाच्या बाजूला हाताने मारायची दांडी असेल, ती मार. दांडी होती पण तिला जोरच लागेना, नुसती ढिली लोंबत होती, मला वाटलं पंपच गेला. आणि तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मला इकडच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं, की पंप आतल्या कॅमवर, म्हणजे फिरताना पंपाला ढकलणाऱ्या उंचवट्यावर चालतो, कॅम नेमका वर येऊन थांबला असेल तर दांडी नुसती मोकळी हलते, इंजिन एक वेढा फिरव आणि मग मार. स्टार्टरला एक टिचकी दिली आणि दांडीला जोर लागायला लागला. मला तिथं बसल्याबसल्या रडू आलं होतं मामा, ते तुम्हाला फोनवर कळू दिलं नाही.

पण हवा संपेना. बारीक फिल्टरच्या वरचा स्क्रू ढिला करून मी दांडी मारतेय, फेस येतोय, बुडबुडे येतायत, दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, बुडबुडे आहेतच. मी पुढच्या स्क्रूकडे जाणार तर तुम्ही ओरडलात, 'पुढं जाऊ नको पोरी! बुडबुडं थांबंनात म्हणजे हवा मागनं येत्या. पंपाच्या मागच्या बाजूला डिझेल ओढलं जातंय, तिथं फट असली तर डिझेल भायेर गळत न्हाई, हवा आत जात्या. कोरडं दिसतंय म्हणून फसू नको.' आणि विचारलंत, जुन्या फिल्टरची रबरी रिंग जुन्या फिल्टरबरोबर निघाली का? मी जुना फिल्टर बघितला, रिंग नाही. परत सगळं उघडलं, हाताचं बोट आत फिरवून बघितलं, तर जुनी रिंग वर तशीच चिकटून बसली होती, काळी, चपटी, कडक झालेली, आणि तिच्यावरच मी नवी चढवली होती. नखाने सोलून काढली. नवी रिंग बोटाने डिझेल लावून बसवली, आणि पुढच्या चार-पाच दांड्यांत फेस जाऊन स्वच्छ लाल धार. इकडे बोटींच्या डिझेलला लाल रंग असतो, त्या लाल धारेइतकं सुंदर मी त्या दिवशी काही बघितलं नाही.

एक गोष्ट शेजारच्या बोटीवरच्या आजोबांचीही लिहायला पाहिजे. ते केटल घेऊन आले होते आणि येताना बाळाचे डायपर घेऊन आले, म्हणाले इंजिनाखालच्या ट्रेमध्ये घाल, सांडलेलं डिझेल शोषून घेतील, आणि तळाचं पाणी बाहेर टाकणारा ऑटोमॅटिक पंप आधी बंद कर, नाहीतर हेच डिझेल कालव्यात जाईल आणि बदकं त्यात पोहतील. मी तुम्हाला ते मराठीत सांगितलं तर तुम्ही म्हणालात, माणूस कामाचा हाय. त्यांनी सतरा नंबरचा पाना दिला तोही माझ्याकडे नव्हता.

त्यांच्या बोटीवर जुनं लिस्टर इंजिन आहे, ते त्यांनी बॅटरी चार्ज करायला चालू ठेवलं होतं, आणि तुम्ही मधेच 'थांब, थांब, ते मागं कसलं इंजान वाजतंय' म्हणालात. मी फोन तिकडे केला. तुम्ही बराच वेळ काही बोललाच नाहीत, नुसतं ऐकत होता. मग म्हणालात, तुमच्या लहानपणी गावच्या पिठाच्या गिरणीत अस्संच वाजायचं, एकेक ठोका सुटा सुटा, दळण घेऊन जायला निघालं की लांबनंच कळायचं गिरणी चालू आहे का बंद. आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले लिस्टरची कंपनी १८६७ ची, ग्लॉस्टरशायरमधल्या डर्स्ले गावची, आणि त्यांची इंजिनं जगभर गेली. आपल्या शेजारी किर्लोस्करवाडी, १९१० साली माळावर उभी राहिलेली, ते मीही त्यांना सांगून घेतलं. आणि कृष्णेच्या काठावर तुमचं पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर इंजिन, त्याच्यावर भिजलेला ऊस, आणि मी सातवीत असताना बाकी कुणी पोरींना जवळ येऊ देत नव्हतं तेव्हा तुम्ही मला डिकॉम्प्रेशनचा लिव्हर, म्हणजे हँडल मारताना इंजिनातला दाब सोडणारा, धरायला दिला होतात आणि 'हां, सोड!' म्हणून हँडल मारलं होतंत, तेही सांगितलं.

शेवटी नोझलचे नट. एकेक ढिला करायचा, स्टार्टर थोडा मारायचा, दहा सेकंदाच्या वर नाही, डिझेल पाझरलं की आवळायचा. 'तोंड आणि बोट लांब ठेव, उडालेलं डिझेल कातडीत शिरतंय' हे तुम्ही तीनदा सांगितलंत. तिसऱ्या नटाला इंजिन खोकलं, चौथा आवळायच्या आतच एका बाजूने धडपडत चालू झालं, पांढरा धूर, मग आवाज सरळ झाला. तुम्ही फोनवर ओठाला बोट लावून आम्हाला गप्प बसवलंत आणि दोन मिनिटं ऐकलंत. मग म्हणालात, 'आता झोपा.' तुमच्याकडे तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि ताट तसंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ब्लिसवर्थचा बोगदा पार केला. २,८१३ मीटर, १८०५ साली सुरू झालेला, आत काठ नाही, उतरायला जागा नाही, पूर्वी इंजिनं नव्हती तेव्हा माणसं फळीवर आडवी पडून भिंतीला पाय लावून बोट ढकलत न्यायची. वरनं पाणी ठिबकत होतं, समोरून एक बोट येऊन अगदी घासून गेली, आणि मी पूर्ण वेळ फक्त तो आवाज ऐकत होते. एकदाही वरखाली झाला नाही. हेच सगळं एक दिवस उशिरा, आत मधोमध झालं असतं तर, हा विचार मी अजून पूर्ण करत नाही.

आता टाकी नेहमी भरलेली ठेवतो, तळाचं पाणी दर आठवड्याला सोडून बघतो, गेल्या दोन वेळा फक्त स्वच्छ डिझेल आलं. टाकी आतनं साफ करायची आहे, त्याचं तुम्हाला विचारायचंय, रविवारी फोन करते, जेवणं झाल्यावर. आणि ती जुनी रिंग तुम्ही म्हणालात टाकू नको, मला बघायचीय, ती काड्यापेटीत घालून ठेवलीय, दिवाळीला येताना आणते.

तुमची भाची