बाबा, एफडी मोडू नका

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या शिलाईच्या दुकानासाठी एफडी मोडायचा विषय काढला की बाबा "बरं बरं, जेवलीस का" म्हणत फोन आईकडे देतात आणि आई लगेच गल्लीतल्या बातम्या सुरू करते, म्हणून म्हटलं सरळ टाईप करूनच पाठवावं. दादाला सांगितलंय प्रिंट काढून दे म्हणून, मोबाईलवर वाचायला गेलात तर निम्मा वेळ चष्मा शोधण्यात जाईल.

तर बाबा, एफडी मोडायची नाही. दुकानासाठी तर मुळीच नाही. तो मेन रोडचा गाळा तुमच्या मनात भरलाय हे मला कळतंय, धायरीत उतरल्या उतरल्या दिसतो, वर मोठा बोर्ड लावता येईल, आणि पाव्हण्यारावळ्यांत सांगायलाही बरं वाटतं की लेकीचं पुण्यात दुकान आहे. पण भाडं महिन्याला १८ हजार, डिपॉझिट वेगळं. नुसतं ते भाडं काढायला मला महिन्याला ३६ अस्तराचे ब्लाऊज शिवावे लागतील आणि मग कुठे माझी स्वतःची कमाई सुरू होणार. ३६ कसे ते खाली हिशोबात लिहिलंय, तुम्ही तपासणार हे माहितीये.

आणि रोडवर येणार कोण? त्याच लाईनीत रेडिमेड स्ट्रेचेबल ब्लाऊज टांगलेले असतात, अडीचशे-तीनशेला, माप नको ट्रायल नको, बाई पाच मिनिटांत पिशवी घेऊन बाहेर. त्या भावात मी शिवूच शकत नाही. तिकडे कारखान्यात कापडाचे थरच्या थर एकावर एक ठेवून मशीनने कापतात, एक जण दिवसभर फक्त बाह्या लावतो, दुसरा फक्त हुक. त्यांच्याशी माझी बरोबरीच नाही. माझ्याकडे येते ती बाई जिला ते ब्लाऊज बसत नाहीत, आणि अशा बायका खूप आहेत.

म्हणजे कशा, तर मैत्रिणीची शिवणक्लासची वही मी बघितली होती, त्यात छातीचा चौथा भाग अधिक शिवणीला एवढं, गळ्याला बारावा भाग, असं सगळं गणितात असतं. गणित काही खोटं नाही. पण वर्षानुवर्षं एका खांद्यावर पर्स आणि एकाच कडेवर पोर घेतलेल्या बाईचा एक खांदा उतरलेला असतो, कणीक मळून मळून उजवा दंड डाव्यापेक्षा भरलेला असतो, आणि ती बिचारी म्हणते माझं शोल्डर एकाच बाजूला घसरतं, कुठल्याच टेलरला जमत नाही. कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापल्या तर घसरणारच ना. मी अशांचं उजवं-डावं वेगळं मार्किंग करते, पेपरवर दोन वेगळी कटिंग. त्यात वेळ जातो पण त्या वेळेचेच मला पैसे मिळतात.

एक काकू येतात माझ्याकडे, नाव नाही लिहीत. कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, छातीची एक बाजू काढलीये. ऑपरेशननंतर त्यांनी साडी नेसणंच सोडलं होतं, कायम सैल कुर्ता आणि वरून ओढणी. त्यांच्या ब्लाऊजला मी आतून मऊ सुती कापडाचा खिसा केला, बाजूने उघडा, म्हणजे पॅड आत सरकवता येतं आणि धुताना काढता येतं. हुक पुढे घेतले कारण हात मागे नीट जात नाही, आणि त्या बाजूचा मुंढा (बाही जोडतात तो गोलावा) आणि बाही सैल ठेवली, हाताला मधूनमधून सूज येते त्यांच्या. ट्रायलला आरशासमोर उभ्या राहिल्या, पदर घेतला, इकडून बघितलं तिकडून बघितलं आणि म्हणाल्या, "चला, आता भाचीच्या लग्नाला जाते." बस्स, एवढंच. नंतर त्यांनी हॉस्पिटलच्या ओळखीतल्या अजून बायका पाठवल्या. बाबा, असं गिऱ्हाईक बोर्ड बघून येत नाही. आणि आलं तरी भर रस्त्यावरच्या काचेच्या दुकानात पडदा ओढून अशा बाईला ट्रायल द्यायला लावणं मला नाही पटत, इथली मागची खोली आणि दाराची कडी मला त्या गाळ्यापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

आई, तू सगळ्यांना सांगतेस "आमची पोरगी आपोआप शिकली". आपोआप कसली गं! तू दिलेले जुने ब्लाऊज मी ब्लेडने टाका टाका उसवत बसायचे, तुकड्यांना इस्त्री करून पेपरवर पसरायचे, पेनाने कडा काढायचे. तेव्हा दिसलं की पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त खोल कापलेला असतो आणि म्हणून बाहीलाही पुढची-मागची बाजू असते. यूट्यूबवरची बाई हे दोन मिनिटांत बोलून पुढे जाते, पण तुकडा हातात धरल्याशिवाय ते डोक्यात शिरत नाही. नंतर एका बुटीकमध्ये पीसवर, म्हणजे नगावर पैसे घेऊन काम केलं, तिथे गिऱ्हाईकाकडून १२०० घ्यायचे आणि माझ्या हातावर १५० टेकवायचे, तेही महिना महिना अडकवून. राग आला होता तेव्हा. पण नेटच्या कापडाला आतून फिनिशिंग कसं करतात, पायपिन, म्हणजे कडेची बारीक गोल पट्टी, गळ्याच्या वळणावर न चुणता कशी बसवतात हे तिथेच बघायला मिळालं, आणि मुख्य म्हणजे लोक शिलाईचे किती पैसे द्यायला तयार असतात तेही तिथेच कळलं.

आता हिशोब. अस्तराच्या ब्लाऊजचे मी ६०० घेते. अस्तर, धागा, हुक, कॅनव्हास, लाईट मिळून १०० जातात, अस्तर-लेस रविवार पेठेतून एकदम आणते म्हणून एवढ्यात भागतं. राहिले ५००. (भाड्याचे १८ हजार भागिले ५००, बघा करून.) आता वेळ बघा. माप घेणं आणि गप्पा, गप्पाच जास्त. सुती अस्तर आदल्या रात्री पाण्यात घालायचं, कारण ते पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं सिल्क तेवढं आटत नाही, मग आतून ओढ बसून वर चुण्या पडतात. वाळवून इस्त्री, कटिंग, शिलाई, हुक, हातशिलाई, ट्रायल, ट्रायलनंतरचं कमी-जास्त. सगळं धरून तीन-सव्वातीन तास, म्हणजे तासाला दीडशे रुपये. वाईट नाही, पण फुकट वाटायला पण नाही.

म्हणून आई, हात जोडते, गावाकडून लोकांच्या पिशव्या पाठवणं बंद कर. "घरचीच आहे, देईल करून" हे वाक्य तू किती जणींना म्हटलंयस देव जाणे. मागच्या वेळी एसटीने जी पिशवी आली त्यात आत्याच्या दोन्ही सुनांचे, शेजारच्या काकूंचे आणि त्यांच्या कुठल्याशा विहिणीचे पण ब्लाऊजपीस होते, आणि मापाला काय तर चिठ्ठी, "आधीच्यापेक्षा थोडं सैल". आधीचं कुठलं, सैल किती, कुणाला विचारू मी? आणि पिशवी परत गेल्यावर पैशाचं नाव नाही, वर म्हणे आहेरात वळतं करू. मला आहेर नको आई, मला शिलाई हवी. नात्यातल्या लोकांना शंभर रुपये कमी घेईन, त्याच्या खाली नाही. तुझे आणि आजीचे जन्मभर फुकट, त्यात वाद नाही. बाकीच्यांना रेट सांगायला तुला संकोच वाटत असेल तर माझा नंबर दे, मी सांगते, मला आता अजिबात संकोच वाटत नाही. आणि मापाला अंगाला नीट बसणारा जुना ब्लाऊज पाठवा म्हणावं, चिठ्ठी नको.

बाबा म्हणतात एक महिना झोपायला वेळ नाही आणि एक महिना रिकामी, हे कसलं उत्पन्न. आपल्या शेतीला काय दर महिन्याला पगार येतो का बाबा? इथे पण हंगाम आहेत. गणपती उठले की पितृपक्षात कुणी नवीन कापड काढत नाही, तेव्हा मशीन खोलून साफ करते, तेलपाणी करते. मग नवरात्रीच्या नऊ रंगांची झुंबड, प्रत्येकीला तिसऱ्या माळेचा ब्लाऊज दुसऱ्या माळेला आठवतो. दसऱ्याला मी दिवाळीच्या ऑर्डरी बंद करते, मग कुणी कितीही गोड बोलू दे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. संक्रांतीला काळे ब्लाऊज, त्यांचं काम मी फक्त दिवसाउजेडी करते, काळ्यावर काळा धागा रात्री दिसता दिसत नाही. जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म उंचीला सोडायचे नाहीतर कंबरेत आवळायचे, आणि आषाढात परत सामसूम. त्या सामसुमीत मी खणाची परकर-पोलकी शिवून ठेवते, दिवाळीत विकायला. खणाचं कापड येतं कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून, मूळ हातमागाच्या खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान असतो, चोळीपुरता, मोठ्या बाईचा ड्रेस काढायचा तर जोड द्यावे लागतात पण लहान पोरीचं पोलकं मस्त निघतं. लग्नसराईतले थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकते आणि आषाढ त्यावर निघतो.

अजून एक, बाबा तुम्ही व्हॉट्सॲपवर तो "फ्री शिलाई मशीन" चा फॉर्म पाठवला होता ना, तो भरू नका आणि पुढे तर अजिबात पाठवू नका. तसले मेसेज खोटे म्हणून सरकारच्या पीआयबीनेच (सरकारी माहिती खात्याने) जाहीर केलंय, लोक आधार नंबर आणि पैसे देऊन बसतात. खरी योजना आहे ती पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यात सुतार, लोहार, कुंभार धरून १८ धंदे आहेत आणि शिंपीकाम पण आहे. ट्रेनिंगला दिवसाचे ५०० मिळतात, अवजारांना १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर, आणि पुढे ५ टक्के व्याजाने पहिल्यांदा १ लाखापर्यंत कर्ज. माझं ट्रेनिंग झालंय. उद्यमचं, म्हणजे लहान धंद्याचं सरकारी रजिस्ट्रेशन पण केलं, ते फुकट असतं, कोपऱ्यावरचा सायबरवाला ५०० मागत होता, मी घरी बसून केलं. आता तुम्हीच सांगा, तुमची एफडी साडेसहाच्या वर व्याज देते, सीनियर सिटिझन म्हणून थोडं जास्तच, आणि मला ५ टक्क्यांनी पैसे मिळतायत, तर ती मोडण्यात कसला शहाणपणा? बँकेत एवढी वर्षं पासबुक भरून घेणारा माणूस तुम्ही.

कर्ज घेतलंच तर लग्नसराई संपल्यावर, आणि तेही मशीनसाठी. जॅक नाहीतर ज्युकी कंपनीचं एका सुईचं (सिंगल नीडल) मशीन बघून ठेवलंय, सर्वो मोटरचं, पाय दाबला तरच करंट खातं, जुन्या क्लच मोटरसारखं नुसतंच दिवसभर घुं घुं करत बसत नाही. कंपनी सांगते मिनिटाला ५००० टाके, मुंढ्याच्या वळणावर एवढं पळवणार कोण! मला ते वेगासाठी नकोच, जाड कामासाठी हवंय. पैठणीचा काठ, अस्तर, कॅनव्हास आणि पायपिन एका जागी आले की आईने लग्नात दिलेलं उषा मशीन तिथेच अडतं, टाका सुटतो, मग मी चाक हाताने फिरवत एकेक टाका घेते. उषा मी काढणार नाहीये, आई, घाबरू नकोस. फॉलला आणि बारीक कापडाला तेच बरं. खालच्या मजल्यावरची एक मुलगी हुक आणि हातशिलाईला येते, ती त्यावर शिकतेय, आणि तिचे पैसे मी दर शनिवारी मोजून देते, महिनाभर अडकवत नाही.

आता बाबा, तुम्हाला काही द्यायचंच असेल तर एक मागते. मी अजून खाली फरशीवर बसून कटिंग करते आणि संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. गोठ्याच्या माळ्यावर त्या जुन्या सागवानी फळ्या पडल्यात, त्यांचा मला कटिंगचा टेबल करून द्या, तुमच्या हातचा रंधा मारलेला. उंची बरोबर ३६ इंच, एक इंच पण कमी नको, मला उभं राहून कापायचंय. लांबी ५ फूट, रुंदी ३ फूट, त्याहून मोठा आमच्या दारातून आत येणार नाही. कडा पॉलिश पेपरने नीट घासा, जरा कुसळ राहिलं तरी सिल्कचा धागा ओढला जातो. पाय सुटे ठेवा आणि नटबोल्टने बसतील असे करा, जिन्याला वळण आहे. दादाचा टेम्पो मार्केट यार्डला भाजी घेऊन येतोच, त्यातून पाठवता येईल, नाहीतर तुम्ही दोघंही या त्याच्याबरोबर आणि चार दिवस राहा.

आजीला नमस्कार. बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमची
सोनी

ता.क. आई, आत्याच्या सुनांना तू काही बोलू नकोस, उगाच वाकडं येईल. त्यांना मी रविवारी फोन करते. तू फक्त नवीन पिशवी घेऊ नकोस.