काहिलीपाशी एक अख्खं आदण उभं राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दप्तराविना शाळेच्या उपक्रमात मुलांनी गुऱ्हाळाला भेट दिल्याचं छायाचित्र अलीकडे आपल्या दैनिकात पाहिलं. मुलांच्या हातात गुळाचे खडे, मागं काहील (रस उकळायची मोठी पसरट कढई), बाजूला शिक्षक. पाहून आनंद झाला. मी स्वतः करवीर तालुक्यात बत्तीस वर्षं शिक्षिका होते आणि माझे वडील गुळव्या, म्हणजे रसाचा गूळ करणारे कारागीर होते. म्हणूनच या भेटींबद्दल कळकळीनं चार गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना असावेत, असं म्हटलं आहे. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा लोकांजवळ राहून शिकावं, ही त्यामागची कल्पना. कल्पना फार चांगली आहे. प्रत्यक्षात मात्र बस येते, वीस मिनिटं माहिती दिली जाते, खडा मिळतो, फोटो निघतो आणि बस परत जाते. एक आदण, म्हणजे एका काहिलीतल्या रसाचा गूळ व्हायला सुमारे अडीच-तीन तास लागतात. वीस मिनिटांत मुलांना दिसतं ते फक्त उकळणारं पाणी.

गुऱ्हाळावर काय काय बघायचं असतं, ते सांगते. रस तापू लागला की मळी वर येते. भेंडीच्या चिकट पाण्यानं ती एकत्र धरते आणि झाऱ्यानं काढून टाकतात. पुढं पांढरा फेस उसळतो, काहिलीच्या काठापर्यंत चढतो, तेव्हा तेलाचे चार थेंब टाकले की खाली बसतो. हळूहळू फेसाचा रंग पिवळसर होतो, बुडबुडे जड होतात, फुटण्याचा आवाज बदलतो. काकवीचा, म्हणजे पातळ गुळाचा टप्पा जातो आणि मग गुळव्या जागचा हलत नाही. फावड्यावरून पाक कसा पडतो ते बघतो, थोडा पाक गार पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळतो, ती भांड्याच्या काठावर आपटून आवाज ऐकतो. काहील लवकर उतरवली तर गूळ मऊ राहतो आणि पावसाळ्यात पाझरतो. थोडा उशीर झाला तर रंग काळवंडतो, वास करपट येतो. मधली वेळ फार थोडी असते.

आता तापमापी आहे, काही ठिकाणी वापरतातही. काकवी साधारण 105-106 अंशांना होते, गूळ 118 च्या आसपास उतरवतात. पाणी 100 अंशांना उकळतं हे मुलं पुस्तकात शिकलेली असतात. पाणी उडत जाईल आणि पाक दाट होईल तसा तो जास्त तापमानाला उकळतो, हे काहिलीसमोर समजतं तसं फळ्यावर समजत नाही. पण 118 हा आकडा घेऊन कुणी गुळव्या होत नाही, कारण ऊस रोज वेगळा येतो. नव्या लावणीचा वेगळा, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या खोडव्याचा वेगळा. नदीकाठच्या गाळाच्या रानातला वेगळा, खारवट पाण्यावरचा वेगळा, युरिया जास्त पडलेला तर अगदीच वेगळा. माझे वडील घाण्यातून पडणाऱ्या रसाची चव घेऊन सांगायचे की आज रस निवळायला चुना किती लागेल. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या चुलत्यांच्या शेजारी तीन हंगाम नुसते उभे होते, चौथ्या हंगामात फावडं हातात आलं.

मी लहान असताना सुट्टीच्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन जायचे. वडील समजावून काही सांगत नसत. मधेच विचारायचे, "वास कसला येतोय गं?" मी म्हणायचे, "गोड." ते म्हणायचे, "गोड तर मघाशीबी हुता. आता काय बदललं?" त्या एका प्रश्नानं मला नाक वापरायला शिकवलं. पुढं वर्गात उभी राहिले तेव्हा हाच प्रश्न मी शेकडो वेळा विचारला आहे. मघाशी कसं होतं, आता काय बदललं?

तरी मुलांना पहिल्यांदा गुऱ्हाळावर नेलं तेव्हा माझीही चूक झाली. मी पंधरा प्रश्नांची प्रश्नावली करून नेली. मुलं काहिलीकडं पाठ करून गुळव्याला विचारत होती, "काका, काहिलीचा व्यास किती? आदण किती लिटरचं?" उत्तर लिहून झालं की पेन बंद. डोळ्यांसमोर रसाचा गूळ झाला आणि बहुतेकांनी तो पाहिलाच नाही.

दुसऱ्या वर्षी वह्या शाळेतच ठेवल्या. सातवीची अठ्ठावीस मुलं होती. काहिलीपासून पुरेशा अंतरावर दोर बांधला, त्याच्या आत कुणी यायचं नाही एवढाच नियम. एक आदण पूर्ण बघायचं ठरलं. पहिला अर्धा तास चुळबुळ झाली. नंतर मुलं गप्प होत गेली. परतीच्या वाटेवर एका मुलीनं सांगितलं, "बाई, जाळ घालणारे मामा शेवटी शेवटी चुलीत चिपाडं घालायचं आपणहून थांबवतात. गुळवे मामा त्यांना काहीच सांगत नाहीत. ते फेसाकडं पण बघत नाहीत, खाली बसल्यावर फेस दिसतच नाही. ते गुळवे मामांच्या पायांकडं बघतात. पाय हलायचे थांबले की जाळ कमी." मी जन्मापासून गुऱ्हाळ बघत आले, मला हे कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर त्या जाळ घालणाऱ्या गड्यालाही नवल वाटलं. म्हणाला, "व्हय की. पण मला कुणी सांगितलं न्हवतं तसं करायला."

ती मुलगी वर्गात मागं बसायची, वाचनात अडखळायची. त्या दिवसापासून विज्ञानाच्या तासाला मी तिला आधी विचारू लागले.

काहींना शंका येईल की यातून मुलांना पुन्हा कामाला जुंपलं जाईल. ती काळजी रास्त आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागून शाळा सुटलेली मुलं मी वर्गात पाहिली आहेत, वर्ष वाया गेलेली. म्हणून दोराच्या आत मूल नको, हातात फावडं नको, मजुरीचा प्रश्नच नको. मात्र मोठं माणूस मन लावून काम करताना बघायला मिळणं हा मुलाचा हक्क आहे, आणि तो आता कमी झाला आहे. पूर्वी सुताराचं, लोहाराचं, शिंप्याचं काम उघड्या पडवीत चालायचं. आता बहुतेक काम बंद दाराआड गेलं आहे.

हाताला काम देऊन शिकवण्याचे प्रयोग आपल्या राज्यात नवे नाहीत. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथं मुलं प्रत्यक्ष काम करत शिकतात. शाळांनी त्याकडं पाहावं. आपल्याकडं तर कोल्हापुरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रही आहे. तिथले तज्ज्ञ आणि गावातला गुळव्या एकाच दिवशी मुलांसमोर आले तर किती छान होईल.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण जाणते गुळवे म्हातारे होत चालले आहेत आणि त्यांच्या शेजारी उभं राहणारं कुणी उरलेलं नाही. माझ्या भावांची मुलंही त्यात नाहीत. त्यांना मी दोष देत नाही, रात्रंदिवस जाळापाशी उभं राहण्याचं मोल त्यांना कुणी दिलं नाही. शिक्षण विभागानं अशा भेटींसाठी गुळव्याला, कुंभाराला, बुरडाला त्या दिवसाचं रीतसर मानधन द्यावं, ही माझी विनंती आहे. तेही त्या दिवशी शिक्षकच असतात.

मुख्याध्यापकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. शनिवारी शाळा सकाळची असते. पहिलं आदण पहाटेच चढतं, तेव्हा मुलं सातला पोहोचली तर दुसरं आदण घाण्यापासून वाफ्यापर्यंत, म्हणजे तयार गूळ गार करायला ओततात तिथपर्यंत, सलग बघायला मिळेल. पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या बरोबर असाव्यात. वह्या नकोत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. करवीर, जि. कोल्हापूर