सर जमशेटजी नेमके कितवे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतल्या लेखात जे. जे. रुग्णालयाला लाख रुपये देणारे सर जमशेटजी जीजीभॉय १९०६ मध्ये पारशी पंचायतीच्या (म्हणजे पारशी समाजाचे न्यास सांभाळणाऱ्या संस्थेच्या) दाव्यात प्रतिवादी म्हणून उभे राहिले आहेत. पण देणगी देणारे हे थोरले जमशेटजी १८५९ सालीच वारले. त्यांचा जन्म १७८३चा. कोर्टात आले असते तर १२३ वर्षांचे असते!

चूक लेखकाची एकट्याची नाही. १८४२ मध्ये त्यांना मिळालेली 'सर' ही पदवी त्यांच्यापुरतीच होती. १८५७ मध्ये मात्र राणी व्हिक्टोरियाने त्यांना बॅरोनेट केले, आणि ही पदवी घराण्यातल्या पुढच्या पुरुष वारसाकडे जाते. (बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे, त्याला उमरावांच्या सभागृहात जागा नसते. लेखात तीही गल्लत आहे.) पदवीचा डौल सांभाळायला पैसा हवा आणि इस्टेटीच्या वाटण्या झाल्या तर तो उरणार कसा? म्हणून २५ लाखांचे सरकारी रोखे पदवीशी बांधून ठेवले गेले आणि १८६०मध्ये खास कायदा झाला. त्याच कायद्याने ठरले, की गादीवर येईल त्याने स्वतःचे नाव टाकून 'जमशेटजी जीजीभॉय' व्हायचे. थोरला मुलगा खरशेटजी दुसरा जमशेटजी झाला, नातू माणेकजी तिसरा. माणेकजी १८९८ मध्ये गेल्यावर धाकटा भाऊ कावसजी चौथा. दाव्यातले सर जमशेटजी ते हेच.

वकिलाच्या कचेरीत कारकून असताना या दाव्याचा निकाल मी टंकला आहे. पहिल्याच ओळीत 'सर दिनशा माणेकजी पेटिट विरुद्ध सर जमशेटजी जीजीभॉय'. वादी पेटिटही बॅरोनेटच आणि त्यांचे मूळ नाव काय, तर जीजीभॉय फ्रामजी! आजोबांची गादी मिळाली तेव्हा ते दिनशा झाले. म्हणजे भांडत होते जीजीभॉय आणि कावसजी, कागदावर मात्र दोघांचे आजोबा. टंकताना मला याचा पत्ताही नव्हता, हे कबूल करतो.

तेव्हा दुरुस्ती छापाल तर नावापुढे कंसात 'पहिले', 'चौथे' एवढे तरी घालावे. आणि माहीम कॉजवेचे श्रेय लेखात यांपैकी एका सरांना दिले आहे, तेही काढावे. त्याचे पैसे थोरल्यांच्या पत्नी लेडी अवाबाईंनी दिले होते.

आपला,
एक वाचक, गिरगाव