भरतीच्या वेळी पक्ष्यांना बसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी, संकष्टीला, आम्ही चौघे अलिबागजवळच्या आक्षीला पक्षी बघायला गेलो होतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोळी बांधवांचा हिशेब आम्हालाही उपयोगी पडतो. चतुर्थी, म्हणजे तीनला भरती, नऊला ओहोटी. आठ वाजताच सुरूच्या बनातून पुळणीवर उतरलो.

खाडीच्या मुखाशी कुरव आणि सुरय बसले होते, चिखल्या चरत होते. सँडर्लिंगचा थवा मागे सरणाऱ्या लाटेच्या पाठी धावायचा, भराभर चोची खुपसायचा आणि पुढची लाट आली की पुन्हा वर पळायचा. या पक्ष्याला मागचं बोटच नसतं. ओल्या वाळूत त्याची तीन बोटांची पावलं स्पष्ट उमटली होती. जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमचा हा जीव उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून इथवर येतो! साडेनऊला ज्याच्यासाठी आलो होतो तो ऑयस्टरकॅचर दिसला. काळापांढरा, गाजरासारख्या चोचीचा. शिंपल्याच्या फटीत चोच घालून, मान इकडून तिकडे पिळत त्याने आतला मऊ जीव बाहेर ओढला. आम्ही श्वास रोखून बघत होतो.

दुपारी पाणी चढलं आणि वाळूचा चिंचोळा पट्टा तेवढा उरला. चरायची जागा बुडाली की हे सगळे पक्षी एकत्र येऊन, वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर विसावतात. नेमक्या त्याच पट्ट्यावरून पर्यटकांच्या दोन जीप भरधाव आल्या. सगळा थवा उठला, समुद्रावर घिरट्या घालून परत बसला. जीप वळून पुन्हा आल्या. तासाभरात सहा वेळा हे झालं. सातव्यांदा त्यांना उठवलं ते मात्र कॅमेरा घेतलेल्या एका पक्षीनिरीक्षकाने, उडतानाचा फोटो हवा म्हणून! याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण हा आपल्यातलाच माणूस.

प्रत्येक उड्डाणात ओहोटीला कमावलेली चरबी खर्ची पडते, आणि वसंतात परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासाला तीच शिदोरी असते. आधीच या पक्ष्यांची स्थिती बिकट आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने २०२४ मध्ये करडा चिखल्या आणि कर्ल्यू सँडपायपर यांना 'असुरक्षित' गटात टाकलं. हे दोन्ही पक्षी आपल्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात. डॉ. सालिम अलींनी सुगरणीचा अभ्यास केला ते किहीम याच तालुक्यात आहे. ५ ते १२ नोव्हेंबर आपण पक्षी सप्ताह साजरा करतो, पण पाहुणे मार्चपर्यंत इथेच असतात.

माझी मागणी फार मोठी नाही. नोव्हेंबर ते मार्च, पूर्ण भरतीच्या आधी दोन आणि नंतर दोन तास, खाडीमुखाजवळच्या तेवढ्या पट्ट्यावर गाड्या आणि घोडागाड्या नेऊ नयेत. बाकीचा किनारा मोकळाच आहे. बांबूच्या चार काठ्या, एक दोरी आणि त्या दिवशीची भरतीची वेळ लिहिलेला फळा एवढं पुरे. फळ्यावर रोज वेळ लिहायला गावातली शाळकरी मुलं आनंदाने पुढे येतील. छायाचित्रकार मित्रांनी आडोशाला बसून वाट बघावी. पाणी उतरू लागलं की पक्षी आपणहून चरायला निघतात, तेव्हा हवे तेवढे फोटो मिळतात.

– एक पक्षीनिरीक्षक, पेण